खापर मोबाईलच्या माथी नको

रोमँटिक कॉमेडीचे दिवस का सरले, असा विषय निघाला की एक उत्तर हमखास येतं: मोबाईलमुळे. आता कुणी रस्ता चुकत नाही, कुणाची चुकामूक होत नाही, निरोप पोचायचा राहत नाही. मग दोन परकी माणसं एकमेकांच्या वाट्याला येणार कशी? ऐकायला हे पटतं, आणि पटतं म्हणून कुणी ते तपासत नाही. तपासायचंच असेल तर १९८५ साली आलेला रॉब रायनर दिग्दर्शित 'द शुअर थिंग' हा अमेरिकी चित्रपट समोर ठेवावा. ऐंशीच्या दशकातल्या प्रवासी प्रेमकथांपैकी आजही आवडीने पाहिला जाणारा हा चित्रपट. तो टिकला तो त्या काळी मोबाईल नव्हता म्हणून, हे मत खोडून काढण्याइतके पुरावे त्याच्या पटकथेतच आहेत.

गोष्ट थोडक्यात अशी. वॉल्टर गिब्सन ऊर्फ गिब हा ईशान्य अमेरिकेतल्या एका नामांकित कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. तोंडाळ, आळशी, आणि मुलींच्या बाबतीत सपशेल अपयशी. त्याचा जुना मित्र लान्स लॉस एंजेलिसला शिकतो. तो फोनवर सांगतो, नाताळच्या सुट्टीत इकडे ये, तुझ्यासाठी एक सुंदर मुलगी ठरवून ठेवली आहे, नकाराचा प्रश्नच नाही, म्हणजे अगदी 'शुअर थिंग', खात्रीची गोष्ट. त्याच शहराकडे ॲलिसन ब्रॅडबरीही निघाली आहे, तिच्या प्रियकराकडे, जेसनकडे. ती गिबच्याच इंग्रजीच्या वर्गातली, सगळं आखूनरेखून करणारी. शिकवणीच्या बहाण्याने तिच्याशी सलगी करायला जाऊन गिबने आधीच तिचा राग ओढवून घेतला आहे. आणि नेमकी दोघांना एकाच गाडीत जागा मिळते. गिब झाला आहे जॉन क्युसॅक, ॲलिसन झाली आहे डॅफ्नी झुनिगा.

या प्रवासाचा हिशेब एकदा नीट मांडायला हवा, कारण पटकथेचा पाया तोच आहे. ईशान्य किनाऱ्यापासून लॉस एंजेलिस साधारण ३,००० मैल, म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटर. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने १९७४ पासून देशभरातल्या महामार्गांवर ताशी ५५ मैलांची मर्यादा घातली होती. ती १९८७ मध्ये काही रस्त्यांपुरती सैल झाली आणि १९९५ मध्ये उठली. म्हणजे चित्रपटाच्या काळात नियम पाळणाऱ्या माणसाला निव्वळ चाकावर ५५ तास लागणार. आळीपाळीने चालवणारे असतील आणि कुठेही मुक्काम केला नाही तर अडीच-तीन दिवस. रोज नऊ तास चालवून रात्री झोपायचं म्हटलं तर सहा. पेट्रोल तेव्हा गॅलनला सुमारे १.२० डॉलर होतं. गाडी गॅलनमागे २० मैल देते असं धरलं तर १५० गॅलन, म्हणजे १८० डॉलर. चौघांत वाटले तर माणशी ४५. त्या वेळचं किमान वेतन तासाला ३.३५ डॉलर. ही जागा म्हणजे हॉटेलात ताटल्या विसळणाऱ्या विद्यार्थ्याची सुमारे तेरा-चौदा तासांची कमाई झाली.

अशा जागा मिळायच्या त्या कॉलेजातल्या 'राइड बोर्ड'वर. भिंतीवरचा एक मोठा फलक, त्यावर देशाचा नकाशा किंवा प्रदेशवार कप्पे, आणि त्यात खोचलेल्या चिठ्ठ्या: कुठे जाणार, कधी निघणार, पेट्रोलचा वाटा देणारा पाहिजे. कुणाच्या गाडीत कुणासोबत बसणार याची निवड प्रवाशाच्या हातात जवळजवळ नसायचीच. प्रेमकथेला लागणारी पहिली गोष्ट या फलकाने फुकटात दिली: दोन माणसांनी एकमेकांना निवडलेलं नाही, तरी ती सोबत आहेत.

आता मुद्द्याचं. १९८४-८५ मध्ये विमानं नव्हती का? होती. विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण १९७८ च्या कायद्यानेच उठलं होतं आणि देश ओलांडायला मध्यमवर्ग सर्रास विमानाने जाऊ लागला होता. फोन नव्हता का? गोष्टीची ठिणगीच फोनवरच्या बोलण्यातून पडते. रस्त्यात पैसे संपले तर काय करायचं, यालाही उत्तर होतं: क्रेडिट कार्ड. ते कार्ड चित्रपटात आहे, ॲलिसनजवळ आहे, आणि कित्येक मैल ती ते बाहेर काढत नाही.

तो प्रसंग पुन्हा बघण्यासारखा आहे. रात्र आहे, पाऊस कोसळतो आहे, दोघांच्या खिशात दमडी नाही, डोक्यावर छप्पर नाही. थंडीने काकडत उभे असताना ॲलिसनला आठवतं की आपल्याकडे कार्ड आहे. लगेच ती सांगते की वडिलांनी ते केवळ आणीबाणीसाठी दिलं आहे. त्यावर गिबचं उत्तर अशा अर्थाचं की, बरोबर आहे, पुढेमागे येईलही एखादी आणीबाणी. हशा पिकतो तो या उत्तरावर, पण प्रसंगाचं सगळं वजन तिच्या वाक्यात आहे. साधन हाताशी होतं. अडवत होता तिचा स्वभाव. वडिलांनी घालून दिलेला नियम ओल्या कपड्यांपेक्षा मोठा वाटणारी मुलगी आपल्याला एका वाक्यात दिसते. पुढच्याच दृश्यात दोघं चांगल्या हॉटेलात पोटभर जेवत असतात, आणि त्या जेवणाची मजा अशासाठी की नियम तिने स्वतः मोडला आहे.

म्हणून मोबाईलचा युक्तिवाद इथे कोसळतो. ॲलिसनच्या पर्समध्ये कार्डाऐवजी आजचा फोन ठेवून पाहा. बॅटरी भरलेली, नेटवर्क पूर्ण, एका बोटाच्या अंतरावर टॅक्सी, वडील आणि प्रियकर. तरी प्रसंग जसाच्या तसा उभा राहतो, कारण वडिलांना फोन केला तर एका अनोळखी मुलासोबत आपण कुठे अडकलो आहोत हे सांगावं लागेल, आणि जेसनला केला तर आखलेली योजना फसली हे कबूल करावं लागेल. माणूस साधनाअभावी अडतो त्याहून कितीतरी जास्त वेळा मानापायी, भीतीपायी, कुणाला दिलेल्या शब्दापायी अडतो. ज्या पटकथेत पात्रांना अडवायला नेटवर्क घालवावं लागतं, तिथे पात्रांच्या आत अडवणारं काही लिहिलेलंच नसतं.

चित्रपट टिकण्याचं दुसरं कारण संकटांच्या क्रमात आहे. या दोघांकडून एकेक गोष्ट काढून घेतली जाते: आधी गाडीतली जागा, मग सुरक्षितपणा, मग पैसे, मग निवारा. यातली पहिली कडी बघा. ज्यांच्या गाडीत ते बसले आहेत ते जोडपं सतत संगीतनाटकांतली गाणी म्हणत चाललेलं. टिम रॉबिन्स आणि लिसा जेन पर्स्की यांनी ते विलक्षण निरागसपणे उभं केलं आहे. मागच्या सीटवर गिब ॲलिसनला डिवचतो की तुझ्या हातून आयुष्यात ऐनवेळी काही घडणारच नाही. ती चिडते आणि चालत्या गाडीच्या खिडकीतून अंगातले कपडे वर करून दाखवते. पोलीस गाडी थांबवतात, आणि मग ते गाणारं जोडपं या दोघांना रस्त्याकडेला उतरवून मोकळं होतं. त्याच्या खोडीने आणि तिच्या हट्टाने मिळून जागा गेली. दोघंही निम्मे-निम्मे दोषी, त्यामुळे पुढचा प्रवास एकमेकांचं देणं फेडण्याचा होतो.

साधारण दर्जाच्या प्रवासपटात हेच नेमकं चुकतं. तिथे टायर पंक्चर होतो, वादळ येतं, बॅग चोरीला जाते, पूल वाहून जातो. एखाद-दुसऱ्या वेळी ठीक. पण प्रत्येक अडचण आभाळातून पडायला लागली की पात्रं फक्त सोसत राहतात. सोसण्याने ती बिचारी दिसतात, बदलत मात्र नाहीत. मग शेवटच्या पंधरा मिनिटांत लेखकाला त्यांच्या तोंडी 'या प्रवासाने मला बदललं' असं घालावं लागतं. अडचण पात्राच्या स्वभावातून निघाली तर हे वाक्य लागत नाही. पटकथा वाचणाऱ्या कुणालाही ही तपासणी करता येईल: प्रत्येक खोळंब्यासमोर तो कुणामुळे झाला त्याचं नाव लिहायचं. पाचातल्या तीन ठिकाणी 'पाऊस' किंवा 'योगायोग' आलं तर मसुदा परत टेबलावर घ्यावा.

दुसरी चूक वेळेच्या वाटणीत होते. 'द शुअर थिंग' सुमारे दीड तासाचा आहे. कॉलेजातलं वैर प्रस्थापित करायला तो पुरेसा वेळ घेतो, प्रवासाला मधला मोठा भाग देतो, आणि मुक्कामी पोचल्यानंतरही बरंच काही शिल्लक ठेवतो. पुष्कळ प्रवासपट गाव आलं की संपतात. इथे गाव आल्यावर खरी अडचण सुरू होते, कारण दोघांचीही तिथे कुणीतरी वाट पाहत आहे.

गाडी ही प्रेमकथेसाठी इतकी उपयुक्त जागा का आहे, याचंही उत्तर भावनेत शोधायची गरज नाही. ते बसण्याच्या रचनेत आहे. समोरासमोर बसलेली दोन माणसं एकमेकांचे चेहरे वाचतात आणि आपापले चेहरे सांभाळतात. गाडीत ती शेजारी-शेजारी, एकाच दिशेला तोंड करून बसतात. काचेबाहेरच्या कॅमेऱ्याला दोघांचे चेहरे एकाच चौकटीत मिळतात, पण त्या दोघांना एकमेकांचे मिळत नाहीत. तिने बाहेर बघत ओठ दाबून हसू आवरलं, ते त्याला दिसलं नाही, आपल्याला दिसलं. पात्रांआधी प्रेक्षकाला कळणं ही विनोदाची आणि प्रेमकथेची दोन्हीची मूळ गरज, आणि ती संवादाच्या एकाही शब्दाविना भागते. म्हणूनच अशा दृश्यात दर वाक्याला कट मारून एकेकाचा चेहरा दाखवणं हे नुकसानीचं. दोघं एका चौकटीत जितकी लांब राहतील तितकं चांगलं.

त्यात एक तांत्रिक अडचण असते. ताशी ५५ मैल म्हणजे सेकंदाला जवळपास २५ मीटर. चालवणारं पात्र बोलताना तीन सेकंद शेजाऱ्याकडे बघत राहिलं तर गाडी डोळे मिटल्यासारखी ७५ मीटर गेली. प्रेक्षक हे गणित करत नाही, पण त्याच्या पोटात गोळा येतो आणि संवाद निसटतो. गाडी ट्रेलरवर चढवून ओढत नेली की नटाला खरोखर चालवायचं नसतं, तेव्हा ही चूक हटकून होते. हात स्टीअरिंगवर उगाच हलत राहतात, नजर रस्त्यावर परतत नाही. स्टुडिओत पडद्यासमोर उभ्या केलेल्या गाडीत आणखी भर पडते. पडद्यावर रस्ता धावतो, पण अंगाला हिसका बसत नाही, वळणावर खांदे कलत नाहीत, उन्हाची तिरीप चेहऱ्यावरून सरकत नाही. आता एलईडी पडद्यांमुळे प्रकाशाची आणि काचेतल्या प्रतिबिंबांची बाजू सुधारली आहे. हिसक्याची बाजू अजूनही कुणीतरी गाडी हाताने हलवून सांभाळतं. 'द शुअर थिंग'ने दोन मुख्य पात्रं मागच्या सीटवर बसवून चालवण्याची कटकटच काढून टाकली. चालवतंय दुसरं कुणी, गातंय दुसरं कुणी, आणि मागे दोघांना भांडायला मोकळीक. छायाचित्रण रॉबर्ट एल्स्विटचं. पुढे 'देअर विल बी ब्लड'साठी ऑस्कर मिळवणारा हाच तो.

या मांडणीचं मूळ घराणं जुनं आहे. १९३४ चा फ्रँक काप्राचा 'इट हॅपन्ड वन नाइट'. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा अशी पाचही मोठी ऑस्कर मिळाली. घरातून पळालेली श्रीमंत मुलगी, नोकरी गमावलेला पत्रकार, लांबचा बसप्रवास, आटत जाणारे पैसे आणि एका खोलीत दोघांच्या मध्ये दोरीवर टांगलेली चादर. आपल्याकडे हीच गोष्ट १९५६ मध्ये 'चोरी चोरी' आणि १९९१ मध्ये 'दिल है के मानता नहीं' होऊन आली, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला तिचा सांगाडा तोंडपाठ आहे. त्या सांगाड्यात मुलगी कुणाकडे तरी निघालेली असते आणि पुरुषाला बातमी हवी असते. एकाच्या डोक्यात प्रेम, दुसऱ्याच्या डोक्यात स्वार्थ. 'द शुअर थिंग'च्या लेखकांनी, स्टीव्हन ब्लूम आणि जोनाथन रॉबर्ट्स यांनी, तिथे एक महत्त्वाचा फेरफार केला: दोघांच्याही प्रवासाच्या टोकाला दुसरं माणूस बसवलं. गिबकडे एक खात्रीचं आश्वासन, ॲलिसनकडे एक खात्रीचं भविष्य. दोघांनाही पोचल्यावर काहीतरी सोडून द्यावं लागणार. त्यामुळे दोघांचं पारडं सारखं राहतं आणि कुणी कुणाचा उद्धार करत नाही. माझ्या मते या एका बदलासाठी हा चित्रपट त्याच्या पूर्वजांच्या पंगतीत बसायला लायक आहे.

रायनरला ही जागा वाटून घेण्याची युक्ती चांगलीच मानवलेली दिसते. १९८९ च्या 'व्हेन हॅरी मेट सॅली'ची सुरुवातही एकाच गाडीने शिकागोहून न्यूयॉर्कला निघालेल्या, एकमेकांना न आवडणाऱ्या दोन नव्या पदवीधरांनी होते. पण तिथे प्रवास सुरुवातीलाच संपतो आणि पुढे वर्षं काम करतात. 'द शुअर थिंग'ला सगळं एका सुट्टीत उरकायचं आहे, म्हणून तिथे मैल जास्त राबतात.

प्रतिस्पर्ध्याचं काय करायचं, यावर बहुतेक रोमँटिक कॉमेड्या आपटतात. नायिकेचा आधीचा प्रियकर दुष्ट, कंजूष किंवा बेइमान निघाला की तिची निवड फुकटची होते. खोट्या माणसाला सोडायला काय लागतं? जेसन तसा नाही. बॉइड गेन्सने तो सभ्य, व्यवस्थित, ॲलिसनवर मनापासून माया असलेला असा केला आहे. त्याच्यात खोट काढायला जागा नाही. एवढंच, की ॲलिसन आता तीच राहिलेली नाही. हमरस्त्यावर दिवस काढून आलेल्या मुलीला तेच ठरलेलं, नेटकं संध्याकाळचं वेळापत्रक पुरत नाही, आणि ते तिला स्वतःलाही नीट सांगता येत नाही. यात कुणाची चूक नाही, म्हणूनच ते खरं वाटतं.

आणि शेवट. विमानतळावरची धावपळ नाही, लग्नमंडपात घुसणं नाही, चारचौघांत गुडघे टेकणं नाही. लॉस एंजेलिसच्या पार्टीत गिब आणि ॲलिसन आमनेसामने येतात, दोघंही जळतात, भांडतात, वेगळे होतात. गिब लान्सने ठरवून ठेवलेल्या त्या मुलीसोबत खोलीत जातो, आणि तिथे संकलक आपल्याला बाहेर काढतो. खोलीत काय झालं ते आपल्यालाही कळत नाही. थेट सुट्टीनंतरचा वर्ग. त्याच वर्गात आधी प्राध्यापिका टॉब यांनी ॲलिसनच्या ताठर लेखनावर बोट ठेवून तिला जरा मोकळं जगायचा सल्ला दिला होता. आता त्या गिबचा निबंध मोठ्याने वाचतात. त्या रात्री काय घडलं आणि काय घडलं नाही, हे ॲलिसनला आणि आपल्याला एकाच क्षणी कळतं. खोलीतली ती मुलगी त्याला विचारते, तुझं माझ्यावर प्रेम आहे का. आणि एरवी सहज खोटं बोलून गेला असता तो मुलगा पहिल्यांदाच ते शब्द उच्चारू शकत नाही.

इथे कारागिरी किती नेमकी आहे ते बघा. कबुली गिबच्या तोंडून येत नाही. त्याचं तोंड आपण दीड तास ऐकलं आहे आणि त्याच्यावर विश्वास ठेवायला आपण तयार नाही. ती येते कागदावरून, दुसऱ्या माणसाच्या आवाजात, आणि त्याला तिथे बसून ऐकावी लागते. टॉब झालेल्या व्हिव्हेका लिंडफोर्स हे वाचन कुठलाही ताण न देता करतात. बोलक्या मुलाला गप्प बसवून जिंकवणं आणि ताठ मुलीला ऐकता ऐकता सैल करणं, ही दोन्ही कामं एकाच वाचनात होतात. ज्यांना वाटतं की प्रेमकथेचा शेवट जितका दणदणीत तितका परिणामकारक, त्यांनी हा वर्ग आणि नंतरच्या काळातले डझनभर विमानतळ शेजारी ठेवून पाहावेत.

या चित्रपटाच्या आसपास काय चाललं होतं हेही विसरून चालत नाही. 'पोर्कीज'च्या कमाईनंतर अमेरिकेत कुमारवयीन मुलांच्या लैंगिक फजितीवर बेतलेल्या उथळ विनोदी चित्रपटांची रांग लागली होती. 'द शुअर थिंग'चं नाव, जाहिरात, कथेचा पहिला टप्पा सगळं त्याच जातीचं. मुलगा मुलगी मिळवायला देश ओलांडून निघतो, हा त्या जातीचा ठरलेला प्रवास. चित्रपट तो प्रवास पूर्ण करतो, मुलगी समोर आणून उभी करतो, आणि मग मुलाला मागे फिरवतो. त्याला मिळालेलं प्रमाणपत्र होतं पीजी-१३, म्हणजे तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणारं, जे मुळात जुलै १९८४ मध्येच सुरू झालं. चावट गोष्टींवर मोकळेपणाने बोलायचं, पण शरीरं दाखवत बसायचं नाही, अशी मधली वाट तेव्हा नुकतीच खुली झाली होती. ती सापडलेल्या पहिल्या काही चित्रपटांत याची गणना व्हायला हवी.

मग असे चित्रपट आता का होत नाहीत? कारण पैशात आहे, आणि ते सांगायला मोबाईलपेक्षा कंटाळवाणं आहे. 'द शुअर थिंग' पन्नास लाख डॉलरच्या आत झाला आणि अमेरिकेत त्याने सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर कमावले. निर्मिती एम्बसीसारख्या मध्यम कंपनीची. दिग्दर्शकाचा हा दुसराच चित्रपट; पहिला 'धिस इज स्पायनल टॅप' आदल्याच वर्षी आलेला. नायक १९६६ सालचा, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी सतरा-अठराचा पोरगा, नायिका १९६२ ची. दोघांच्या नावावर तिकीट विकलं जाईल अशी स्थिती नव्हती. छोट्या खर्चाला छोटा नफा चालायचा, आणि चित्रपटगृहात जे राहून गेलं ते व्हिडिओ कॅसेट आणि टीव्हीवरून हळूहळू वसूल व्हायचं. याही चित्रपटाचं खरं आयुष्य कॅसेटवर आणि केबलवर गेलं. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात डीव्हीडीची विक्री घसरली तशी ही दुसरी कमाई आटली. मोठ्या स्टुडिओंनी मधल्या आकाराचे चित्रपट सोडून शेकडो कोटींच्या मालिका धरल्या. रोमँटिक कॉमेडी स्ट्रीमिंगकडे गेली, जिथे प्रेक्षक पहिल्या काही मिनिटांत निघून जाण्याची धास्ती असते. मग वैर रुजवायला वीस मिनिटं कोण देणार?

त्याचे परिणाम पडद्यावर दिसतात. दोघं पहिल्या दृश्यातच गोड वागतात, कारण नावडतं पात्र सहन करायला प्रेक्षक थांबेल याचा भरवसा नाही. संवाद लखलखीत असतात आणि मधली शांतता कापलेली असते. नट प्रस्थापित, वेळापत्रकं वेगळी, त्यामुळे कित्येकदा दोघं एकत्र असण्याचे दिवसच मोजके. जोडीची केमिस्ट्री म्हणतात ती आकाशातून उतरत नाही. दोन नटांना एकत्र वाचायला, चुकायला, एकमेकांचा वेग पकडायला किती दिवस मिळाले यावर ती पुष्कळशी ठरते. निर्मात्यांना माझं सांगणं साधं आहे: एका तारांकित नावाच्या मानधनातून दोन नवे नट आणि दोन आठवड्यांची तालीम घ्या, आणि मागच्या सीटवरची दृश्यं खऱ्या रस्त्यावर करा.

आता या चित्रपटाची दुसरी बाजू. त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनी तीही तितक्याच मोकळेपणाने मांडायला हवी. गिबची सुरुवातीची लोचट चिकाटी आज बघताना खटकते, आणि खटकायलाच हवी. शिकवणीचा बहाणा करून मुलीला गाठणं ही फसवणूक आहे. चित्रपट तिला रागवायचा पूर्ण हक्क देतो हे खरं, पण आपल्याला त्याच्या बाजूने हसवतोही. रस्त्यावर एकटी ॲलिसन एका अनोळखी माणसाच्या गाडीत चढते, तो तिच्यावर हात टाकू बघतो, आणि गिब वेड्याचं सोंग आणून तिला सोडवतो. क्युसॅकचं ते सोंग अफलातून आहे. पण मुलीवरचा हल्ला हा मुलाच्या पराक्रमाची संधी म्हणून वापरणं ही सवय त्या काळीही जुनी झाली होती, आणि इतक्या कल्पक लेखकांनी ती टाळायला हवी होती. हे प्रसंग कापून चित्रपट दाखवावा असं मी म्हणणार नाही. कापले तर दोघांमधला कर्जाचा हिशेबच तुटतो, आणि आजच्या तरुण प्रेक्षकाला काय बदललं ते दिसतही नाही. दाखवा, आणि नंतर त्यावर बोला.

सर्वांत मोठी उणीव मात्र शीर्षकातच बसली आहे. निकोलेट शेरिडनने केलेल्या त्या मुलीला चित्रपटभर नाव नाही. श्रेयनामावलीतही ती 'द शुअर थिंग' एवढीच आहे. गंमत म्हणजे सगळ्या गोष्टीचा उलगडा जिच्यामुळे होतो तो प्रश्न तीच विचारते. दोन मुलांनी फोनवर आपसात ठरवून जिला गृहीत धरलं, तिलाही प्रेम हवं आहे, हे त्या एका वाक्यात पटकथा कबूल करते आणि लगेच तिला विसरते. गिब खोलीतून निघून गेल्यावर ती कुणाशी बोलली, लान्सने तिला काय सांगून तिथे आणलं होतं, तिच्या मनात त्या रात्रीबद्दल काय होतं, यातलं काहीही आपल्याला दिलेलं नाही. लॉस एंजेलिसमधली ती खोली, तो प्रश्न आणि निरुत्तर झालेला मुलगा एवढं साहित्य चाळीस वर्षं तसंच पडून आहे, आणि तिच्या बाजूने सुरू होणारी पटकथा कुणीतरी लिहायला घ्यायला हवी.